विश्लेषण : प्लॅटिनमचे कण ‘पिंजऱ्यात’ कशासाठी कोंडतात?

मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून औषधनिर्मितीपर्यंत प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महागडे धातू उत्प्रेरक म्हणून वापरले जातात. कमीत कमी धातूकडून जास्तीत जास्त काम करून घेण्याचा एक मार्ग सच्छिद्र पदार्थांत शोधला जात आहे.

कण इतके लहान का हवेत?

अभिक्रिया धातूच्या पृष्ठभागावर होते, आतले अणू वाया जातात. कण जितका लहान, तितके अधिक अणू कामाला लागतात. साधारण दोन नॅनोमीटरहून लहान अशा अणूंच्या पुंजक्याला नॅनोक्लस्टर म्हणतात. आकारासोबत धातूचा स्वभावही बदलतो. एरवी निष्क्रिय असलेल्या सोन्याचे अतिसूक्ष्म कण शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवतात, हे जपानचे मासातके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले.

मग अडचण कोणती?

उष्णतेमुळे हे कण सरकतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि उत्प्रेरक मंदावतो.

‘पिंजरा’ म्हणजे काय?

धातूचे अणू आणि कार्बनी रेणूंचे दुवे जोडून बनवलेले जाळीदार स्फटिक, म्हणजेच मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क (एमओएफ). याच संशोधनासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. क्लस्टर यात दोन प्रकारे कोंडतात. एक तर धातूचे क्षार छिद्रांत मुरवून तिथेच कण घडवायचे, किंवा आधी कण तयार करून त्यांच्याभोवती जाळी वाढवायची. जाळीच्या भिंती कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात.

आणखी काय साधते?

जाळी चाळणीचेही काम करते. ‘झिफ-८’ या जाळीत प्लॅटिनमचे कण कोंडून २०१२ मध्ये केलेल्या प्रयोगात सडपातळ हेक्सीनच्या रेणूंशी हायड्रोजनची अभिक्रिया झाली. जाडजूड सायक्लोऑक्टीन मात्र आत शिरूच शकले नाही. नको असलेली अभिक्रिया अशी दारातच रोखता येते.

कारखान्यात हे कधी दिसणार?

इथे पिंजराच कच्चा दुवा ठरतो. बहुतेक एमओएफ तीनशे ते पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास मोडतात आणि काहींना ओलावाही सोसत नाही. मोटारीच्या धुराचे तापमान याहून बरेच वर जाऊ शकते. शिवाय अरुंद वाटांमुळे रेणूंची ये-जा मंदावते. त्यामुळे कमी तापमानाच्या, नेमके एकच रसायन हवे असलेल्या प्रक्रियांत या तंत्राला अधिक वाव आहे.