लाड न सोसणारा पाषाणभेद

काष्ठौषधींच्या दुकानात ‘पाषाणभेद’ मागितला की दुकानदार डब्यातून तपकिरी, सुरकुतलेले, आतून किंचित तांबूस तुकडे काढून वजनकाट्यावर टाकतो. मुतखड्यावरच्या काढ्यात ते पडतात. चरकसंहितेत मूत्रविरेचनीय म्हणून जी दहा द्रव्यं सांगितली आहेत, त्यांत गोखरू आणि दर्भाच्या पंगतीत पाषाणभेदही आहे. हे तुकडे ज्या झाडाचे, त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांचे झुबके येतात, हे मात्र घेणाऱ्याला आणि बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. इंग्लंडमध्ये हेच झाड, किंवा त्याची सख्खी भावंडं, नगरपालिकेच्या बागेपासून नामांकित रॉक गार्डनपर्यंत सगळीकडे लावलेली दिसतात. इतकी, की तिथले काही बागप्रेमी त्याच्याकडे बघून नाक मुरडतात.

शास्त्रीय नाव बर्जेनिया. कॉन्राड मोंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1794 मध्ये हे नाव दिलं, कार्ल ऑगस्ट फॉन बेर्गन या आपल्या देशबांधवाच्या स्मरणार्थ. आयुर्वेदिक फार्माकोपियात पाषाणभेद म्हणून मान्य आहे ती हिमालयातली जात, बर्जेनिया लिग्युलाटा. तिलाच अनेक जण बर्जेनिया सिलिआटाचा एक प्रकार मानतात. कुमाऊँ-गढवालात तिला सिलफोडा म्हणतात. घोटाळा असा, की पाषाणभेद हे नाव देशभर वेगवेगळ्या झाडांना चिकटलेलं आहे. दक्षिणेत त्या नावाने कपुरीमाधुरी चालते, आणि पानाच्या कडेवर पिल्लं फुटणारी आपल्या कुंडीतली पानफुटीही कित्येक जण पाषाणभेद म्हणूनच ओळखतात. तेव्हा शेजाऱ्याने ‘आमच्याकडे आहे की पाषाणभेद’ म्हटलं तर आधी पान बघावं. काढा घ्यायचा असेल तर वैद्याला विचारूनच. हा लेख बागेपुरता आहे.

बर्जेनियाचं पान एकदा पाहिलं की विसरत नाही. जाड, चामड्यासारखं, गोलसर, तळहातापासून जेवणाच्या ताटाएवढं. सिलिआटाच्या पानावर दोन्ही बाजूंनी मऊ लव असते. लिग्युलाटात ती फक्त कडेला, पापण्यांच्या केसांसारखी. पानं जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या बोटाएवढ्या जाड मांसल खोडातून फुटतात. त्याला आपण गड्डा म्हणू. हा गड्डा खडकाच्या फटीत शिरतो, वरच्या शेवाळात आणि कुजलेल्या पाल्यात मुळं रोवतो आणि वर्षानुवर्षं तिथेच इंचाइंचाने पुढे सरकतो. हिमालयात साधारण एक ते तीन हजार मीटर उंचीवर, बांज आणि बुरांशच्या जंगलात, उत्तरेकडे तोंड केलेल्या ओलसर कातळांवर तो सापडतो. बागेत लावायचा तर त्याची ही निवड लक्षात ठेवायची: सावलीकडचा उतार, ओल हवी पण पाणी साचता कामा नये, आणि माती फारशी नसली तरी चालेल.

लहान रॉक गार्डनसाठी मला स्वतःला आवडते ती याहून ठेंगणी, अधिक उंचावरची बर्जेनिया स्ट्रॅचियाय. ती वीतभर उंच वाढते आणि दगडांवर आक्रमण करत नाही. तिच्या नावातले रिचर्ड स्ट्रॅची हे कंपनी सरकारचे लष्करी अभियंते. 1846 ते 1849 या काळात त्यांनी कुमाऊँ आणि तिबेटच्या सीमेवर भटकून वनस्पती गोळा केल्या. मराठी वाचकाला हे आडनाव वेगळ्या संदर्भात भेटलेलं असू शकतं: 1876-78 च्या ज्या दुष्काळाने दख्खन होरपळली, त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष हेच. सैबेरियाची बर्जेनिया क्रॅसिफोलिया थंडीला सगळ्यांत चिवट. अल्ताई पर्वतात तिची हिवाळा काढून काळी पडलेली जुनी पानं चहासारखी उकळून पितात.

रॉक गार्डन म्हटलं की आपल्याला चंडीगड आठवतं, पण नेकचंदांनी मोडक्या बांगड्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांतून उभारलेलं ते जग वेगळं. युरोपातली रॉक गार्डन म्हणजे डोंगरी वनस्पतींसाठी रचलेला कृत्रिम कातळ. लंडनच्या क्यू उद्यानात ती 1882 मध्ये झाली. पुढे रेजिनाल्ड फॅरर या यॉर्कशायरच्या हट्टी माणसाने 1907 मध्ये ‘माय रॉक गार्डन’ लिहून या प्रकाराला चळवळीचं रूप दिलं. मातीच्या ढिगावर गोटे टोचून ठेवण्याच्या तेव्हाच्या फॅशनची त्याने मनसोक्त खिल्ली उडवली. फॅरर 1920 मध्ये उत्तर ब्रह्मदेशात झाडं शोधता शोधताच वारला.

त्याचा मुद्दा आजही खरा आहे. दगड शोभेला नसतो. जमिनीत गाडलेल्या दगडाखाली ओल टिकते, उन्हातही मुळं गार राहतात आणि वरचं जास्तीचं पाणी निघून जातं. म्हणून दगड निम्म्याहून अधिक गाडायचा आणि त्याचा वरचा पृष्ठभाग मागे, उताराच्या पोटाकडे किंचित झुकता ठेवायचा, म्हणजे पाऊस झिरपून मुळांकडे जातो. दगडांना थर असतील तर सगळ्यांचे थर एकाच दिशेने बसवायचे. नाहीतर ती रचना ट्रकमधून ओतल्यासारखी दिसते. तळाला वीतभर विटांचे तुकडे किंवा जाड खडी. त्यावर बागेची माती, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि बारीक खडी, प्रत्येकी सारख्या प्रमाणात. शेणखताचा हात आखडता घ्यायचा. ते का, ते पुढे येईलच.

लागवड वसंतात किंवा शरदाच्या सुरुवातीला करावी. दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर. गड्डा आडवा ठेवून पानांच्या बेचक्यापर्यंत मातीत दाबायचा, शेंडा मात्र उघडा. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात नियमित पाणी. त्यानंतर जुनं वाळलेलं पान ओढून काढणं आणि फुलं संपल्यावर दांडा बुडापासून कापणं, एवढीच चाकरी. वाळकी पानं काढायला आळस करू नये. त्यांच्याखाली बिनशंखाच्या गोगलगायी दिवसभर दडून बसतात आणि रात्री शेजारच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडतात.

आता खताचं. भरपूर खत आणि पाणी मिळालं की बर्जेनिया कोबीसारखा फुगतो, पानं मोठी आणि लिबलिबीत होतात, फुलं कमी येतात. हलक्या जमिनीत, उघड्यावर, थंडीत वाढलेल्या झाडाची पानं हिवाळ्यात तांबडी होतात. पूर्व हिमालयातल्या बर्जेनिया पुर्पुरासेन्सची तर पिकल्या बिटासारखी. हा रंग पाहायचा असेल तर उपाशी ठेवायला शिकावं लागतं, आणि बहुतेक बागकामवाल्यांना नेमकं तेच जमत नाही. इंग्लंडच्या बेथ चॅटो बाईंना जमलं. एसेक्समधल्या आपल्या मोटारतळाच्या जागी त्यांनी 1991-92 मध्ये खडीची बाग केली आणि तिला पाणी घालायचंच नाही असं ठरवलं. तिथे वर्षाला पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावच्या आसपास. फरक इतकाच की तिथलं ऊन सौम्य. त्या बागेत बर्जेनिया मजेत आहे.

थंडीचं म्हणाल तर सैबेरियन जाती काहीही सोसतात. आपली हिमालयी सिलिआटा मात्र लवकर फुलते आणि फसते. गड्डा मरत नाही, पण उशिरा आलेल्या हिमकणांनी कळ्या आणि पानं काळी पडतात. ब्रिटनमधल्या मराठी घरांत कुणी ती लावणार असेल तर भिंतीच्या आडोशाला लावावी. सकाळचं पहिलं ऊन थेट पडेल अशी जागा टाळावी, कारण गोठलेली कळी झटकन वितळली की जास्त खराब होते. तेवढीही काळजी नको असेल तर जर्मनीतल्या गेओर्ग आरेंड्स यांची पांढऱ्या फुलांची ‘सिल्बरलिख्ट’ बरी.

खरा शत्रू सोंडकिडा. प्रौढ किडा रात्री पानांच्या कडा खाचा पाडल्यासारख्या कुरतडतो. ते नुसतं दिसायला वाईट. खाली मातीत मात्र त्याच्या पांढऱ्या अळ्या मुळं खातात. बरं दिसणारं झाड अचानक कोमेजलं आणि हलकेच ओढताच हातात आलं तर कारण बहुधा हेच. तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी, माती उबदार असताना, अळ्या मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी पाण्यातून सोडतात.

चार-पाच वर्षांनी गड्डे लांबून मध्ये टक्कल पडतं, पानांचे तुरे कडेला जातात. मग फुलं संपल्यावर किंवा शरदात झाड उपटून गड्डे तोडायचे, टोकाकडचा वीतभर पानासकटचा तुकडा पुन्हा खोलवर रोवायचा आणि मधला म्हातारा भाग फेकून द्यायचा. बियांपासूनही रोप होतं. बी धुळीसारखं बारीक असतं, मातीवर पसरायचं, झाकायचं नाही. पण संकरित जातींचं बी आईसारखं निघत नाही आणि गड्ड्याने काम इतकं सोपं होतं की बियांचा खटाटोप सहसा कुणी करत नाही.

महाराष्ट्रात हा पाषाणभेद लावावा का? माझं मत, नाही. दख्खनच्या एप्रिल-मेची रात्रही त्याला गरम पडते आणि महाबळेश्वरची थंडी चालली तरी तिथल्या पावसात गड्डा कुजण्याची भीती. ज्यांचं घर मसुरी, नैनिताल किंवा शिमल्याकडे आहे त्यांनी जरूर लावावा.

तिथेच त्याची गरजही आहे. बाजारातला बहुतेक पाषाणभेद आजही जंगलातून येतो. गड्डा हवा म्हणून झाड मुळासकट उपटतात. खडकाची फट रिकामी होते, आणि तिथलं शेवाळ-पाल्याचं पातळ अंथरूणही त्याच्याबरोबर खरवडून निघतं, त्यामुळे वाऱ्याने आलेलं बी पडलं तरी रुजायला जागा उरत नाही. खरं तर इंग्लंडचा माळी जे फेकतो तेच इथल्या औषधाला हवं आहे: मधला जाड, जुना गड्डा. आणि तो जे पुन्हा रोवतो, ते टोक औषधाच्या फारसं कामाचं नाही. गोळा करणाऱ्याने शेंड्याकडचा वीतभर तुकडा त्याच फटीत ओल्या शेवाळासकट दाबून ठेवला तर त्याच्या गोणीचं वजन थोडंच कमी होईल. शेतीच्या बांधावर, घराच्या उत्तरेकडच्या दगडी भिंतीत लावलेला पाषाणभेद दोन-तीन वर्षांत काढणीजोगा होतो. मात्र जंगलातून फुकट येणाऱ्या मालाच्या भावाशी त्याला झुंजावं लागतं. चमोली जिल्ह्यातल्या गोपेश्वरला उत्तराखंड सरकारची जडीबुटी संशोधन संस्था आहे. डोंगरी शेतकऱ्याला औषधी झाडांच्या लागवडीची माहिती तिथे मिळते. आपल्या दुकानदाराला मात्र माल शेतातला की जंगलातला हे विचारून पाहा. बहुतेकांना सांगता येणार नाही, पण चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो पुढच्या खेपेला घाऊक व्यापाऱ्याला विचारेल.