फुकट तांदळाचा भाव

बार्शीहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे: रेशनचा तांदूळ आता फुकट मिळतो, मग महागाईच्या निर्देशांकात त्याचा भाव काय धरायचा?

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरले. १ जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत झालं. माणशी ५ किलो, अंत्योदयच्या कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. लाभार्थी सुमारे ८१ कोटी. घरोघरी आनंद, आणि निर्देशांक मांडणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या.

आठ्या का, ते भूमितीमध्य म्हणजे काय हे पाहिलं की कळेल. ठिकठिकाणचे भाव बेरजेनं नव्हे, गुणाकारानं एकत्र आणायचे, ही २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेची रीत. एरवी मला ती आवडते. एखाद्या दुकानदारानं अवाच्या सवा भाव लावला तरी सरासरी त्याच्यामागे धावत नाही. पण शून्यापुढे तिचं काही चालत नाही. चार दुकानांत ३ रुपये आणि पाचव्यात शून्य असेल, तर साधी सरासरी २ रुपये ४० पैसे येते. गुणाकार मात्र सरळ शून्य. शिवाय ३ रुपयांवरून शून्य म्हणजे १०० टक्के घट, हे सांगता येतं. उद्या सरकारनं पुन्हा ३ रुपये लावले, तर वाढ किती टक्के? शून्यानं भागणार कसं?

म्हणून रेशनचं फुकट धान्य हिशेबातून वगळलं आणि त्याचा भार उरलेल्या वस्तूंकडे वळवला. खरी गंमत इथे आहे. समजा, एका घरात महिन्याला रेशनच्या तांदळावर १० रुपये आणि बाजारच्या तांदळावर ३० रुपये जात होते. बाजारचा तांदूळ १० टक्क्यांनी चढला आणि रेशनचा दर तसाच राहिला, तर ४० रुपयांचे ४३ होतात, म्हणजे साडेसात टक्के वाढ. रेशनचा तांदूळ वगळून त्याचा सगळा भार बाजारच्या तांदळावर टाकला, तर वाढ दिसते पुरी १० टक्के. आणि त्या घरानं खरोखर मोजले किती? ३३ रुपये!

वेळही नेमकी अशी, की २०२२च्या मार्चमधल्या उष्णतेनं गव्हाचं पीक मारलं होतं, मे महिन्यात निर्यातबंदी झाली, तरी हिवाळ्यात गहू चढाच होता. डिसेंबर २०२२मध्ये ५.७२ टक्के असलेला महागाईचा दर जानेवारीत ६.५२ टक्के निघाला, आणि त्यात तृणधान्यांचा हिशेब कसा केला यावर अर्थतज्ज्ञांमध्ये चांगलीच जुंपली. पुढे केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं मोफत रेशन कसं मोजावं यावर चर्चापत्र काढून सूचनाही मागवल्या.

माझं मत विचाराल तर, निर्देशांकानं माणूस खिशातून देतो तो भाव मोजावा. शाळेतली खिचडी आपण कधी त्यात धरली नाही, मग फुकट तांदूळ तरी का धरावा? वगळणं बरोबरच आहे. पण ज्या महिन्यात भाव शून्य झाला, त्या महिन्याची घसरण एकदा पुस्तकात लिहायची आणि मग त्याला निरोप द्यायचा. दार लावण्याआधी पाहुणा गेला याची नोंद नको का?

फुकटाहून अवघड प्रकरण आपल्याच महाराष्ट्रात घडलं. २०२२च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला: रवा, साखर, हरभरा डाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर, चारही मिळून १०० रुपये. यात तेलाचा भाव किती? बाजारभावाच्या प्रमाणात शंभर रुपये चौघांत वाटता येतात. पण मग बाजारात नुसती साखर चढली, की शिध्यातलं तेल कागदावर स्वस्त होतं. गिऱ्हाईक मात्र तीच शंभराची नोट देत होतं.