एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची निबंधसभा

स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्थापन केली. तिथले प्रोफेसर पॅटन यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. पारशी, मराठी आणि गुजराती घरांतली ही मुले वर्गात शेजारी बसत; पण वर्ग सुटल्यावर ज्याची त्याची वस्ती वेगळी, पंगतही वेगळी. सभेत मात्र एकाने वाचन करून निबंध लिहायचा, सर्वांसमोर वाचायचा आणि मग त्यावर चर्चा व्हायची. धर्म आणि राजकारण हे विषय वर्ज्य होते. हे बंधन आज जाचक वाटेल, पण त्याखेरीज ही मंडळी एकत्र टिकली नसती.

इंग्रजीतली चर्चा घरापर्यंत पोहोचेना, म्हणून ‘ज्ञानप्रसारक सभा’ या नावाने सोसायटीच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर याच शाखेत निबंध वाचत. १८५० मध्ये सुरू झालेले शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक १८६७ पर्यंत चालले.

सोसायटीचे सर्वांत मोठे काम एका निबंधातून उभे राहिले. बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, तेव्हा नुसते बोलून न थांबता काही करून दाखवा, असे पॅटन यांनी सुचवले. १८४९ मध्ये सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि कॉलेजच्या आधी, सकाळच्या वेळात, तेच बिनपगारी शिकवू लागले. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती ओटीवर वर्ग भरवू देण्याची विनंती करत दारोदार फिरले. कोणी आनंदाने जागा दिली, तर कोणी पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी दिली! सुरुवातीला पटावर ४४ पारशी आणि २४ मराठी हिंदू मुली होत्या. गिरगावातल्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. पारशी शाळांना कामा कुटुंबाने पैसा पुरवला.

सभेचा परीघ अर्थात मर्यादितच होता. इंग्रजी शिक्षण ज्यांच्यापर्यंत पोहोचले, तेवढेच सभासद. मुसलमान विद्यार्थी अगदी थोडे आणि दलित समाज तर बाहेरच. शाळाही समाजवार भरत. १८५७ मध्ये पारशी शाळा वेगळ्या पारशी मंडळाकडे गेल्या. मराठी शाळा सोसायटीकडेच राहिल्या.