भोंग्याआधी स्फोट

रशियाच्या बेल्गोरोद भागातून सुटलेलं क्षेपणास्त्र खारकीवला मिनिटभराच्या आत पोहोचतं. कित्येकदा स्फोट आधी होतो, भोंगा नंतर वाजतो. वर्गातल्या तीस मुलांना जिना उतरवून तळघरात नेण्याइतकाही वेळ शिक्षकांना मिळणार नाही.

खारकीव हे युक्रेनचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. रशियाची सीमा जेमतेम 30-40 किलोमीटरवर. युद्धापूर्वीची लोकसंख्या सुमारे 14 लाख. भारतातून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलांमुळे हे नाव आपल्याकडेही अनेक घरांत ठाऊक होतं. 1 मार्च 2022 रोजी इथल्या माऱ्यात कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्याच दिवशी भारतीय दूतावासाने उरलेल्यांना, वाहन न मिळाल्यास पायी का होईना, तातडीने शहर सोडायला सांगितलं.

पालिकेला मात्र शहर सोडता येत नाही. हल्ला झाला की आधी अग्निशमन दल, मागोमाग राडारोडा उचलणारे कामगार, मग फुटलेल्या खिडक्यांवर प्लायवुड ठोकणारे. हे काम वरवरचं वाटेल, पण तिथल्या हिवाळ्यात उघडी खिडकी म्हणजे गोठून फुटलेले नळ आणि राहण्याजोगी न उरलेली इमारत. उत्तरेकडच्या साल्तिव्का वसाहतीला सर्वाधिक तडाखा बसला.

मेट्रोची गोष्ट तर विलक्षण आहे. रशियाने आक्रमण केलं त्या दिवशी गाड्या थांबल्या आणि हजारो कुटुंबं स्थानकांतच राहू लागली. तीन महिन्यांनी, मे 2022 मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेही मोफत. सप्टेंबर 2023 मध्ये त्याच स्थानकांत आडभिंती घालून, हवा खेळती राहील अशी सोय करून वर्ग भरले. हजाराहून अधिक मुलं आली; त्यांतल्या कित्येकांनी शाळा फक्त पडद्यावर पाहिली होती, आणि शेजारी बसलेल्या मित्राला ती प्रथमच पाहत होती.

मार्च 2024 मध्ये वीजकेंद्र आणि उपकेंद्रांवर मारा झाला आणि सगळं शहर अंधारात गेलं. दुरुस्त केलेलं पुन्हा उद्ध्वस्त होणार हे माहीत असूनही वीज कामगार तारा जोडत राहिले. युद्ध संपल्यावर बांधू, असं सीमेवरच्या शहराला म्हणता येत नाही. माणसं एकदा गेली की कोणासाठी बांधायचं? ब्रिटिश वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांनी 2022 मध्येच शहराच्या नव्या आराखड्याचं काम हाती घेतलं. तो आराखडा महत्त्वाचा आहेच, पण शहर आज तगलं आहे ते झाडूवाले, तारतंत्री आणि शिक्षक यांच्यामुळे.

मे 2024 मध्ये सीमेजवळच्या वोवचान्स्क शहराच्या दिशेने रशियाचं नवं आक्रमण सुरू झालं. त्याच महिन्यात खारकीवमध्ये मुद्दाम जमिनीखाली बांधलेली पहिली शाळा उघडली. तिथे दोन पाळ्यांत मिळून 900 मुलांची सोय आहे. त्यानंतर शहराने अशा आणखी शाळा खोदायला घेतल्या.