स्कूटर आपली, चुंबक कुणाचं?

तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये आता एखाद-दुसरी तरी ई-स्कूटर असणारच. आवाज नाही, धूर नाही आणि मुख्य म्हणजे पेट्रोलपंपाची रांग नाही. आखातात भडका उडो नाहीतर तेल महागो, आपण बिनधास्त, असं ती घेणाऱ्याला वाटतं. जरा थांबा.

२०२५च्या जुलैत बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं, की ऑगस्टमध्ये आमच्या इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन कदाचित शून्यावर येईल. आकुर्डीत कारखाना होता, कामगार होते, गिऱ्हाईकही होतं. अडलं होतं ते चुंबकावर.

हे चुंबक म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला तो लाल रंगाचा नाल नव्हे. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं हे मिश्रण आकाराने छोटं, पण ताकदीला जबरदस्त. मोटर लहान आणि हलकी राहते ती त्याच्यामुळे. मात्र फार तापलं की त्याची ताकद घटते, म्हणून त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम चिमूटभर घालतात. (नागपूरच्या मे महिन्यात गाडी चालवणाऱ्यांना या चिमटीची किंमत कळेल.) अमेरिकेने २ एप्रिल २०२५ला जगभरावर नवे आयातशुल्क जाहीर केले आणि दोनच दिवसांत चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासूनच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याचीच लाइन थांबायची वेळ आली.

गंमत म्हणजे हे चुंबक चीनने शोधलेलंच नाही. १९८०च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक यांनी ते जवळपास एकाच वेळी तयार केलं. जनरल मोटर्सने त्यासाठी मॅग्नेक्वेंच हा उद्योग काढला आणि १९९५मध्ये विकूनही टाकला. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. पुढे इंडियानातलं काम बंद होऊन चीनला गेलं. तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटलं नसावं. खनिज शुद्ध करायचं म्हणजे आम्लं, किरणोत्सारी कचरा आणि लोकांची ओरड. ते तिकडे स्वस्तात होत असेल तर होऊ दे की! आज या शुद्धीकरणातला चीनचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास आहे.

तेल आणि चुंबक यांत एक फरक मात्र आहे, तो लक्षात घ्या. तेल थांबलं तर रस्त्यावरची गाडी थांबते. चुंबक थांबलं तर नवी गाडी बनत नाही, पण पार्किंगमधली तुमची स्कूटर पळत राहते. कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, त्यापेक्षा हे परावलंबन मला तरी बरं वाटतं. बरं म्हणजे चांगलं नव्हे.

कारण आपल्याकडे माल अजिबात नाही, असंही नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे आणि ते काढणारी सरकारी कंपनी १९५० पासून आहे. निओडिमियम त्यातून मिळतं, डिस्प्रोशियम मात्र नगण्य. पण वाळूपासून ऑक्साइड, ऑक्साइडपासून धातू आणि धातूपासून चुंबक ही साखळी मोठ्या प्रमाणावर उभीच राहिली नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने त्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. २०१०मध्ये सेनकाकू बेटांच्या वादात चीनकडून येणारा माल अडल्यावर जपानने पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या खाणकंपनीत पैसे घातले होते. आपल्याला जाग यायला पंधरा वर्षं लागली.

आणि पैसे आले तरी ही भट्टी चालवणार कोण? कॅप राउंडचा फॉर्म भरताना कॉम्प्युटर, एआय, आयटी ओळीने लिहून मेटलर्जी शेवटच्या रकान्यात टाकली होती ना? ‘त्यात स्कोप काय’ म्हणणारे काका तुमच्याही घरी असतील. पुढच्या वेळी त्यांना तुमच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क उघडून दाखवा. आतले ते दोन चकचकीत तुकडे लोखंडी कपाटाला चिकटवा आणि त्यांना म्हणावं, आता ओढून काढा.