वडिलांची पेटी आणि साडेतेरा हजारांची करवत

आमच्या लहानपणी ‘पंचेचाळीस’ हा आकडा घरात पाढ्यांपेक्षा अधिक वेळा ऐकू येई. वडिलांचे सांगलीला फोटोंना फ्रेमा करण्याचे दुकान होते. हरभट रोडच्या एका बोळात, दोन गिऱ्हाइके उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबावे, एवढेच. गणपती, दत्त, विठ्ठल-रखुमाई, कोणाचे कैलासवासी आजोबा, कोणाच्या लग्नातली शालू नेसलेली वधू, सगळ्यांची तेथे चार लाकडी पट्ट्यांत सारख्याच आदराने स्थापना होई. पट्टीचे प्रत्येक टोक पंचेचाळीस अंशांत कापायचे आणि अशी आठ टोके चार कोपऱ्यांत मिळवायची. हा सगळा धंदा त्या तिरप्या कापावर उभा असतो. कोपरा बंद झाला की दादा पट्टीवर टिचकी मारून म्हणत, ‘‘पाणी जाणार नाही.’’

दादांपाशी सागवानी पेटी होती. पेटी म्हणजे तळ आणि दोन भिंती. भिंतींना समोरासमोर तिरप्या खाचा. पट्टी आत ठेवायची, बारीक दातांची करवत खाचेत घालायची आणि हात सरळ चालवायचा. मी तो हात शिकलो नाही. मी बँकेत चिकटलो, आणि १९८८ साली दुकानाला कुलूप लागले. पेटी तेवढी माळ्यावर राहिली.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. गावभागातल्या आमच्या जुन्या घराचा तळमजलाच काय, माळाही सुटला नाही. पाणी ओसरल्यावर चिखलातून पेटी काढली तेव्हा तिच्या भिंती फुगून एकमेकींकडे झुकल्या होत्या. खाचेतून पोस्टकार्ड जाईल अशी तिची ख्याती होती. आता बोट जात होते.

मी ती उन्हात ठेवून बघत बसलो होतो, इतक्यात गल्लीतल्या एक आजी आल्या. हातात टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. चारी कोपरे सुटलेले. आत त्यांच्या यजमानांचा फोटो, तोही काचेला चिकटलेला. ‘‘तुझ्या वडिलांनी केलेली आहे बाबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तूच जोडून दे.’’

आता वाचकहो, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने यावर काय म्हणायचे? ‘मला येत नाही’ हे खरे उत्तर होते. ते तोंडातून निघाले नाही. पंधरा दिवसांत घरात सतरा फ्रेमा जमा झाल्या आणि आमच्या सौ.ने विचारले, ‘‘दुकान पुन्हा उघडलंय का? निदान मला सांगायचं तरी!’’

दादांच्या दुकानात पोरसवदा असताना कामाला लागलेले एक मिस्त्री अजून मिरजेस असतात. वय पंचाहत्तर, डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी संपलेली. मला अजून ‘धाकटे मालक’ म्हणतात. त्यांना पेटी दाखवली. त्यांनी खाचेत बोट घातले, काढले, आणि नुसतेच हूं केले.

‘‘नवी पेटी करता येईल, मिस्त्री?’’

‘‘पेटी करतो की. पण हात कुठनं आणणार?’’

माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दुखणे आहे. दहा मिनिटे करवत ओढली की रात्रभर ठणका लागतो. मिस्त्रींना ते ठाऊक होते. तेच म्हणाले, ‘‘ती यंत्राची करवत घ्या. मायटर सॉ. पण घेताना मला संगं न्या. अन् एक बोट माझं गेलंय, ते बघून घ्या आधी.’’

असे आम्ही दोघे गणपती पेठेत गेलो. माझ्या खिशात वीस हजार रुपये होते, आणि त्याहून एक छदामही अधिक जाणार नाही असा सौ.शी करार होता.

यंत्र दिसायला सोपे असते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ओटा, त्यावर फिरणारी गोल चकती, मागे लाकूड टेकवायची उभी भिंत, आणि वर बिजागरीवर बसवलेली मोटार नि पाते. हात खाली ओढला की पाते लाकडात उतरते. ओटा डावीउजवीकडे फिरवला की काप तिरपा येतो. बाजूला वाकणारे मुंडके असले तर उभ्यातही तिरपा काप घेता येतो. त्याच्याही पुढची जात म्हणजे मुंडके दांड्यांवर पुढे-मागे सरकणारी. तिच्यात रुंद फळी कापली जाते.

दुकानदाराने अर्थातच सरकती करवत पुढे केली. दिवे, लेझरची तांबडी रेघ, सगळा थाट. किंमत मात्र माझ्या कराराच्या बाहेर. तरी मी लोभाने बघत होतो. मिस्त्रींनी तिचे मुंडके पूर्ण पुढे ओढले, मूठ धरली आणि हलकेच डावीउजवीकडे ढकलले. पात्याचे टोक दोन-तीन मिलिमीटर सहज हलले. ‘‘ही नाचतीया,’’ ते म्हणाले. मग साध्या, न सरकणाऱ्या दहा इंची करवतीला तसाच धक्का दिला. ती जागची हलली नाही.

हे मला पुढे नीट उमगले. स्वस्तातल्या यंत्रात जितके सांधे अधिक, तितकी ढिलाई अधिक. सरकते दांडे ताठ ठेवायला पैसा लागतो. फ्रेमच्या पट्ट्या दोन-तीन इंच रुंद. दहा इंची साधी करवत पाच इंचांच्या आसपास फळी एका दमात कापते. मग ज्या रुंदीची आपल्याला गरजच नाही तिच्यासाठी ढिलाई विकत का घ्यायची? लेझरचेही तसेच. तांबडी रेघ दाखवते छान. पण पाते बदलले, धक्का लागला, की तीच रेघ आपल्याला फसवते. पेन्सिलीची खूण आणि पात्याचा दात यांवर माझा अधिक विश्वास.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट पाहिली. ओटा पंचेचाळीसवर नेला की खाली ‘कट’ आवाज होऊन खाचेत बसतो. बसल्यावर तो हाताने हलतो का? हलला तर यंत्र परत. आमचे हलले नाही. साडेतेरा हजार दिले.

उरलेल्यांतले अडीच हजार पात्यावर गेले, आणि आज विचाराल तर तोच सर्वांत शहाणपणाचा खर्च होता. यंत्राबरोबर आलेल्या पात्याला चोवीस दात होते. ते वासे कापायला ठीक. आमच्या पट्टीची सोनेरी नक्षी त्याने उंदराने कुरतडल्यासारखी केली असती. आम्ही ऐंशी दातांचे घेतले. दोन बाबी येथे तपासाव्यात. पहिली मधले भोक. ते २५.४ मिलिमीटरचे असते तसे ३० चेही असते. आपल्या यंत्राच्या आसाचे माप वहीत लिहून नेलेले बरे. दुसरी दातांचा कल. टेबलावरच्या करवतीच्या पात्याचे दात पुढे खूप झुकलेले असतात. तसे पाते येथे लावले तर ते लाकडाला ओरबाडून स्वतःकडे खेचते. मायटर सॉला जवळजवळ सरळ, किंवा किंचित मागे झुकलेल्या दातांचे पाते हवे.

घरी आणल्यावर मी उत्साहाने वायर भिंतीत खुपसायला निघालो. मिस्त्रींनी माझे मनगट धरले. अठराशे वॅटची मोटार २३० व्होल्टला आठेक अँपिअर वीज ओढते, सुरू होताना त्याहून पुष्कळ अधिक. टेबलदिव्याची सहा अँपिअरची जागा तिला पुरत नाही. गिझरसाठी असते तशी सोळा अँपिअरची जागा, नीट अर्थिंगसह, ओट्याजवळ करून घेतली. लांब बारीक वायर जोडून काम भागवू नये. वायर तापते आणि मोटार कण्हते.

त्यानंतरही दोन दिवस यंत्र सुरू झाले नाही! यंत्र कारखान्यातून बरोबर लावून येते ही माझी समजूत होती. तसे नसते, निदान स्वस्त यंत्राचे नसते. मिस्त्रींनी वायर काढून ती मला खिशात ठेवायला लावली (अक्षरशः प्लग माझ्या सदऱ्याच्या खिशात होता) आणि गुण्या घेतला. प्रथम भिंतीचे दोन तुकडे एका रेषेत आहेत का, हे पोलादी पट्टी टेकवून पाहिले. मग पाते खाली आणून गुण्याची एक बाजू भिंतीला, दुसरी पात्याच्या अंगाला. अंगाला, दाताला नव्हे. दात पात्याच्या बाहेर किंचित आलेले असतात, गुण्या त्यांवर टेकला की माप खोटे. भिंतीचे स्क्रू ढिले करून, भिंत केसभर सरकवून, पुन्हा आवळले. मग गुण्या ओट्यावर उभा करून पाते काटकोनात उभे आहे का ते पाहिले. तेथेही चूक होती. मागच्या थांब-स्क्रूने ती काढली.

गुण्यावर मिस्त्रींचा पुरता भरवसा नाही. ‘‘गुण्या बी माणसानंच केलाय की,’’ म्हणतात. म्हणून त्यांनी पाच इंच रुंद फळी शून्यावर ठेवून कापली, एक तुकडा उलटा केला, आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून काप एकमेकांना भिडवले. एका टोकाला मिलिमीटरभर फट! उलटवल्याने चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक अर्ध्या मिलिमीटरची. चौथ्या खेपेला फट नाहीशी झाली. शाळेत भूमिती मी सत्तर गुणांनी पास झालो. ती समजली मात्र त्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी पहिली फ्रेम कापली. कोपरे मिटले! मी पाणी जाणार नाही असे म्हणणार, तोच मिस्त्रींनी एका कोपऱ्यावर नख ठेवले. फट नव्हती, पण एका पट्टीची नक्षी दुसरीपेक्षा मिलिमीटरभर पुढे गेली होती. कारण शोधायला संध्याकाळ गेली. स्क्रू आवळताना भिंत पुन्हा जरा फिरली होती. डावीकडचा काप साडेपंचेचाळीस आणि उजवीकडचा साडेचव्वेचाळीस येत होता. फ्रेमच्या प्रत्येक कोपऱ्यात एक डावा काप आणि एक उजवा काप मिळतो; दोहोंची बेरीज नव्वद झाली म्हणून फट दिसली नाही. पण तिरप्या कापांच्या लांब्या सारख्या राहिल्या नाहीत, म्हणून नक्षी चुकली. साध्या पट्टीत ही चूक रंधा मारून लपते. नक्षीच्या पट्टीत लपत नाही.

उलट डावी-उजवी मिळून नव्वदऐवजी एकोणनव्वद भरली असती तर? दर कोपऱ्याला एक अंश, चौथ्या कोपऱ्यापर्यंत चार अंश. दोन इंची पट्टीत ती फट पाच मिलिमीटरच्या घरात जाते. लोक मग तिच्यात लांबी भरतात, रंग देतात. दादा त्याला ‘पावडर लावणे’ म्हणत.

समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर काप अचूक असूनही कोपरा मिटत नाही. त्यासाठी भिंतीला एक लाकडी ठोकळा घट्ट बसवला. पट्टी त्याला टेकवायची आणि कापायची. टेपने मोजणे संपले.

आता त्या बोटाची गोष्ट. यंत्र सुरू केले की पाते पुरत्या वेगात येईपर्यंत थांबायचे, मग सावकाश उतरवायचे, आणि काप झाल्यावर खटका सोडून पाते थांबेपर्यंत खालीच ठेवायचे. हे मी चौदा फ्रेमा पाळले. पंधराव्या वेळी घाईत, फिरते पाते वर उचलले. दोन बोटांएवढा उरलेला तुकडा पात्याने उचलला, तो माझ्या कानाजवळून गेला आणि खिडकीची काच घेऊन रस्त्यावर पडला. खालून कोणीतरी ओरडले. आत सौ. ओरडली. मिस्त्री मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी यंत्र बंद केले, डावा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘‘असाच एक बारका तुकडा हातानं धरला होता. अठ्ठ्याऐंशी साली. दुसऱ्याच्या कारखान्यात.’’

अठ्ठ्याऐंशी साली. म्हणजे आमचे दुकान बंद झाल्यावर त्यांनी जेथे काम धरले तेथे. त्यांनी ते एवढ्या वर्षांत कधी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते. मी चहा टाकायला आत गेलो तो बराच वेळ आतच राहिलो.

तेव्हापासून पात्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर मी तांबडी रेघ मारून ठेवली आहे. हात त्या रेघेच्या आत जात नाही. लहान तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतून कापतो, आणि क्लॅम्पने धरतो. डोळ्यांवर चष्मा, हातमोजे नाहीत, कारण ते पात्यात सापडले की हातच ओढून नेतात. नाकाला मुखपट्टी. यंत्राची पिशवी अर्धाच भुसा पकडते, उरलेला घरभर होतो. आणि लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारकांत घातले आहे. म्हणून यंत्र आता मागच्या पडवीत असते. सौ.ला हे कारण पुष्कळ आवडले.

सतराही फ्रेमा नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पुऱ्या झाल्या. आजींच्या फ्रेमचे जुने लाकूड मी टाकले नाही. कुजलेली टोके कापली आणि फ्रेम पाऊण इंचाने लहान झाली. मिस्त्रींनी चारी कोपऱ्यांवर नख फिरवले आणि नुसतेच हूं केले. हे हूं वेगळे होते.

आजींनी फ्रेम उजेडात धरून न्याहाळली. ‘‘हे थोडे बारीक झालेत,’’ यजमानांकडे बघत त्या म्हणाल्या, आणि मजुरी म्हणून घरच्या चकल्यांचा डबा ठेवून गेल्या. डबा घेताना सौ.ने खिडकीकडे बोट दाखवले. त्या चौकटीला अजून पुठ्ठा लावलेला आहे.