फुटक्या बांगड्यांची बाग आणि आपले पाचट

– ऊस विकास अधिकारी



कारखान्यातर्फे यंदा ऊस उत्पादक सभासदांचा अभ्यास दौरा उत्तरेकडे नेला होता. करनाल येथील ऊस प्रजनन केंद्र पाहणे हा मुख्य हेतू. 'को ०२३८' ही उत्तरेत गाजलेली जात तिथलीच. त्या केंद्राचा वृत्तांत पुढे सवडीने देऊ. आज सांगायचे आहे ते तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या चंदीगडविषयी.

चंदीगडची 'रॉक गार्डन' कार्यक्रमात होती. "भंगाराची बाग बघायला एवढ्या लांब कशाला?" अशी गाडीत कुरकुर झाली. खरे सांगायचे तर तीत आमचाही सूर होता.

ही बाग उभारली नेकचंद सैनी यांनी. जन्म १९२४ चा, शेतकऱ्याच्या घरातला. १९४७ च्या फाळणीत गाव पाकिस्तानात गेले आणि कुटुंब इकडे आले. पुढे चंदीगड शहर वसवले जात असताना नेकचंद बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून लागले. नव्या शहरासाठी जुनी गावे उठवली, घरे पाडली. त्या पाडापाडीतून निघालेल्या फरशा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, मोडक्या सायकली हे सारे हा माणूस नोकरी सांभाळून सायकलवरून गोळा करीत राहिला. नदीनाल्यांतले चित्रविचित्र दगडही आणले. १९५७ च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या जंगलात त्याने गुपचूप काम सुरू केले.

गुपचूप अशासाठी, की ती जागा सरकारी आणि तेथे बांधकामाला बंदी. कळले असते तर नोकरी गेली असती. सुमारे अठरा वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. लागला तेव्हा बारा-तेरा एकरांत शेकडो मूर्ती उभ्या होत्या! नियमाने सारे पाडायला हवे होते. पण लोकांनी उचलून धरले. १९७६ साली बाग जनतेसाठी खुली झाली. नेकचंदना पगार चालू ठेवून हेच काम दिले, हाताखाली पन्नास मजूर दिले. १९८४ साली पद्मश्री मिळाली. १९९० साली रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा नागरिक साखळी करून आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. २०१५ साली नेकचंद गेले. बाग आहे.

आत गेल्यावर आमची मंडळी गप्पच झाली. अरुंद वाटेने वाकून जायचे, की पुढे एकदम मोकळे अंगण आणि त्यात रांगेने उभ्या बायका, अंगभर फुटक्या बांगड्यांचे लुगडे नेसलेल्या. सायकलच्या सीटचे जनावराचे तोंड, फोर्कचे पाय. विजेच्या जुन्या फ्यूजांची भिंत. बऱ्याच मूर्तींच्या आत सायकलचे लोखंड, त्यावर सिमेंट आणि वरून फुटकी काच नाहीतर चिनीमाती. बाहेरून काही विकत आणून सजवल्याची खूण दिसत नाही.

बांगड्यांच्या बायकांपुढे आमच्या गटातले एक वयस्कर सभासद बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "सायेब, ह्या माणसानं दुसऱ्याच्या घरची फुटकी बांगडी अठरा वर्सं जपली. आन् आपुन आपल्या रानातलं पाचट एका काडीत उडवतो."

यावर आम्हाला बोलता येईना. कारण गेल्या हंगामात आमच्या स्वतःच्या घरच्या खोडव्यातही काडी लागली. धाकटे बंधू म्हणाले, "पाण्याची पाळी आलेली, सरीत पाणी पुढं सरकंना, काय करणार?" जो मेळाव्यात पाचटावर भाषण करतो, त्याच्याच रानात राख! ही गोष्ट आजवर कोणापाशी बोललो नव्हतो. त्या दिवशी गाडीत सगळ्यांसमोर सांगून टाकली. कोणी हसले नाही. पाचसहा जणांनी "आमचंबी तसंच" म्हटले.

आता हिशेब पाहा. एका एकरातून साधारण तीन ते चार टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. चार टनांत वीस किलो नत्र झाले. पेटवले की नत्र आणि कर्ब धुरात जातात, वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात, आणि मग आपण दुकानात युरियासाठी रांग लावतो.

पाण्याची अडचण खोटी नाही. पण तिला उपाय आहे. पाचट एक आड एक सरीत दाबावे, म्हणजे मोकळ्या सरीतून पाणी चालते. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. चार टन पाचटाला युरिया ३२ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ४० किलो आणि पाचट कुजविणारे जिवाणू ४ किलो शेणखतात मिसळून पसरावेत, वर माती पडेल असे पाहावे व पाणी द्यावे.

नेकचंदना हे कोणी शिकवले नव्हते. टाकलेल्या वस्तूकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिले, एवढेच. यंदा आमच्या घरच्या खोडव्यात पाचट ठेवायचे बंधूंनी कबूल केले आहे. ज्या सभासदांना शंका असेल त्यांनी तोडणीनंतर येऊन ते रान पाहावे. चुकले असेल तर तेथेच कान धरावा.